न ऐकलेली नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मला वाचनाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा साहित्यावर व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. परंतु घरकाम सांभाळून वाचणाऱ्या बाईला नवा लेखक कसा सापडतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. शेवटी मंडळापुढे एक सूचनाही ठेवणार आहे. ती काही भगिनींना पसंत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून माझे म्हणणे अगोदर शांतपणे ऐकून घ्यावे, ही विनंती.

नवा लेखक म्हटले की काल-परवा पुस्तक छापलेला लेखक, असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. आपले प्रकाशे म्हणजे दक्षिण काशी. श्रावणात घरोघरी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचला जातो. कित्येकींना तो पाठ आहे. पण ही पोथी कोणी लिहिली असे विचारले, तर किती जणी सांगतील? ती श्रीधरस्वामींनी लिहिली. ते मूळचे पंढरपूरजवळच्या नाझरे गावचे, आणि ही पोथी त्यांनी १७१८ साली बारामतीस पुरी केली. अध्यायाच्या शेवटी त्यांचे नाव येते, पण आपण ते देवाच्या नावासारखेच म्हणून जातो. तीनशे वर्षांपूर्वीचा हा लेखक नाव कळेल त्या दिवशी आपल्याला नवाच असतो. मला त्यांचे नाव कळल्यावर मी त्यांचे हरिविजय व पांडवप्रताप हेही ग्रंथ मागवून वाचले. एका नावाने आणखी दोन दारे उघडली.

आता आपल्या खानदेशची गोष्ट घेऊ. बहिणाबाई चौधरी हे नाव आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. २०१८ पासून आपल्या जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. पण त्यांच्या हयातीत त्यांना कवयित्री म्हणून कोण ओळखत होते? त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत व म्हणत. त्यांतली काही त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरातल्या मंडळींनी वहीत उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि अत्र्यांच्याच आग्रहाने १९५२ साली पुस्तक निघाले. वही पेटीत राहिली असती, किंवा ज्यांच्या हाती पडली त्यांनी मिटून ठेवली असती, तर आज आपल्याला बहिणाबाई ठाऊक नसत्या. जी गाणी कोणी उतरवलीच नाहीत, ती तर गेलीच.

आपल्या दुपारच्या बैठकीत मी त्यांचे पुस्तक मोठ्याने वाचले, तेव्हा कधी शाळेत न गेलेल्या एक आजी म्हणाल्या, "हाई ते आपलंच बोलनं शे." पुस्तक म्हणजे शहरातल्या लोकांची भाषा, ही त्यांची समजूत त्या दुपारी गेली.

भगिनींनो, असे पुष्कळ लेखकांचे झाले आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहून छापले. बायकांच्या अंगी जे जे दोष लावतात, तेच पुरुषांच्या अंगी नाहीत काय, असा रोखठोक सवाल त्यांनी केला. नंतर ते पुस्तक लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले, म्हणजे तब्बल त्र्याण्णव वर्षांनी. फलटणच्या बेबी कांबळे यांचे लहानसे दुकान होते. माल बांधावयास आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचीत, आणि स्वतःचे लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवीत. त्या गावी राहून अभ्यास करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या बाईंना ते समजले. त्यांनी धीर दिला. मग ते लिखाण 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले.

या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. लिहिणारीने लिहिले, पण ते आपल्यापर्यंत पोचले ते मध्ये कोणीतरी एक वाचणारे माणूस उभे राहिले म्हणून. एकाने वाचले व दुसऱ्याच्या हाती दिले. हे काम करावयास पदवी लागत नाही. ते तुम्हा-आम्हालाही करता येते.

नवा लेखक शोधण्याची माझी रीत साधी आहे. पुस्तक हाती आले की डाळ शिजेपर्यंत दहा पाने वाचावयाची. दहा पानांत मन रमले नाही तर पुस्तक आदराने परत करावयाचे. त्यात कमीपणा नाही. रमले, तर त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक मागावयाचे, आणि त्या पुस्तकात ज्या लेखकांची नावे येतील ती वहीत टिपून ठेवावयाची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी अशीच मिळवली. त्यांनाही शाळा नव्हती. लग्नानंतर घरीच अक्षरे गिरवली. पण संसारातील हाल त्या अशा हसत सांगतात, की वाचता वाचता आपणही डोळे पुसत हसतो.

कोणी म्हणतील, आमच्या सुनांना मराठी वाचता येत नाही. खरे आहे. आपला गाव गुजरातच्या सीमेजवळचा; पुष्कळ सुना तिकडून येतात व गुजराती शाळेत शिकलेल्या असतात. पण कुंदनिका कापडिया या गुजराती लेखिकेची 'सात पगलां आकाशमां' ही कादंबरी मराठीत 'सात पावलं आकाशात' या नावाने आलेली आहे. तिला १९८५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या घरी सुनेने ती गुजरातीत वाचली व मी मराठीत. लिपी दोन, पुस्तक एक. त्या कादंबरीतल्या वसुधेविषयी आम्ही सासू-सून भाकरी करताना जेवढे बोललो, तेवढे लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो.

आणखी एक नाव सांगते. वाहरू सोनवणे. हे आपल्याच शहादे भागातील भिल्ल समाजातले कवी. ते भिली व मराठी दोन्हींत लिहितात. १९८७ साली त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह निघाला. वाचताना काही भिली शब्द मला अडले. आमच्या शेतात निंदणीला येणाऱ्या एका बाईने ते मला बांधावर बसून समजावले. शिकवणारी ती व शिकणारी मी. इतकी वर्षे ती आमच्याकडे येते, पण तिच्या मनात काय काय आहे हे मला त्या दिवशी थोडे कळले. पुणे-मुंबईच्या लेखकांची नावे आपल्याला पाठ असतात, मग आपल्याच तालुक्यातला कवी परका का असावा?

आता माझी सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण स्टीलच्या वाट्या, चमचे, डबे लुटतो. सगळ्यांच्या फडताळात ते मावेनासे झाले आहेत. यंदा मंडळातील पंचवीस जणींनी वाणाच्या खर्चातून प्रत्येकी एकेक पुस्तक आणावे, आणि ते अशा लेखकाचे असावे की ज्याचे नाव इतरांनी फारसे ऐकलेले नाही. पुस्तके दर एकादशीला हातोहात बदलावी. वर्षात चोवीस एकादशा. म्हणजे स्वतःचे धरून प्रत्येकीची पंचवीस पुस्तके होतील. पहिल्या पानावर लेखकाचे नाव सर्वांनी मोठ्याने वाचावे. सोबत एक कोरी वहीही फिरावी. तीत घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची जात्यावरची गाणी, त्यांच्या नावानिशी उतरवावी.

मागील बैठकीत एका भगिनीने यास विरोध केला. ज्यांना वाचता येत नाही त्या बाजूला पडतील, त्यांना लाज वाटेल, असे त्या म्हणाल्या. त्यांचा मुद्दा खरा आहे व मी तो मनापासून मानते. वाटीला अक्षरओळख लागत नाही, पुस्तकाला लागते. पण पोथी ऐकावयास बसलेल्या बाईला कधी लाज वाटते काय? उलट ऐकणारी नसेल तर वाचणारीचे पारायणही सुने जाते. म्हणून जिला वाचता येते तिने जिला येत नाही तिची जोडीदारीण व्हावे, आणि दोघींचे मिळून एक पुस्तक धरावे. अशी जोडी लागल्याशिवाय ही योजना सुरू करू नये, असेही मी स्वतःच सुचविते.

मंडळाने यावर विचार करून निर्णय द्यावा. निर्णय काहीही झाला, तरी येत्या एकादशीला मी माझे 'गोधड' घेऊन येणार आहे. ज्या बहिणीला हवे असेल तिने ते पहिल्यांदा न्यावे.