हसरी हेरकथा



हेरकथा हा विषय व्याख्यानमालेला शोभतो काय, अशी शंका काही मंडळींच्या मनात आली असेल. तत्त्वज्ञान, इतिहास आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीत हेराचे पान मांडणे हे थोडे धाडसच आहे. पण ज्ञानेश्वरी देवघरात आणि बाबूराव अर्नाळकर उशीखाली, अशी वाटणी ज्या घरांतून असे, त्याच घरांतून आपल्यापैकी पुष्कळजण आले आहेत. तेव्हा संकोचाचे कारण नाही.

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांनी सामान्य मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि हे जग मोटारींचे, पिस्तुलांचे आणि काळोख्या रात्रींचे. गुन्हेगार सापडला की कथा संपते. त्यानंतर त्या गल्लीतील माणसे एकमेकांकडे कोणत्या तोंडाने पाहतात, हे हेराला ठाऊक नसते, कारण तो दुसऱ्या प्रकरणाच्या मागे निघून गेलेला असतो.

मराठीत हसऱ्या हेराचा जन्म व्हायला भा. रा. भागवत यावे लागले. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच आपला फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि 'टॉक्' असा आवाज काढून संकटात उडी घेतो. त्याचे शस्त्र चौकसपणा, आणि त्याची फजितीही वाचकाला प्रिय. परंतु फेणे हा शाळकरी पोर. प्रौढांच्या दुःखांना हसतमुखाने हात घालणारा हेर मराठीत आम्हाला फारसा भेटलेला नाही.

तो, किंबहुना ती, भेटली दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ हे 1948 साली बुलावायो येथे, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, जन्मलेले कायद्याचे अध्यापक. त्यांनी बोट्स्वाना देशात काही काळ कायदा शिकवला आणि 1998 साली 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका प्रेशस रामोत्स्वे. बाप खाणीत राबून छाती खराब करून घेतलेला. त्याने मागे ठेवलेली गुरे विकून ही बाई गाबोरोन शहरात हेरगिरीचे दुकान थाटते. भांडवल म्हणजे एक लहानशी पांढरी मोटारगाडी, एक चिटणीस आणि चहाची किटली! बांधा चांगला भरदार, आणि त्याचा तिला अभिमान. तिथे बाईमाणसाला आदराने 'म्मा' म्हणतात. आपल्या वऱ्हाडातील 'माय' या हाकेचीच ती बहीण वाटते.

तिच्याकडे येणारी प्रकरणेही घरगुती. एका बाईकडे एक म्हातारा येतो, 'मी तुझा हरवलेला बाप' म्हणून ठाण मांडतो आणि खाऊनपिऊन सुखी होतो. म्मा रामोत्स्वे परिचारिकेचा वेष घेऊन सांगते की, मुलीला अपघात झाला आहे, बापाचे रक्त हवे, आणि ते देताना बापाचा जीव जाईल. बापपण तिथेच ओसरते! दुसऱ्या एका बाईचा नवरा नाहीसा झालेला. तो पळाला नसून त्याला सुसरीने गिळले, असा शोध लागतो, तेव्हा त्या बाईला दुःखातही दिलासा वाटतो की, निदान तो दुसरीकडे गेला नाही.

यातील हसू हे वरून भुरभुरलेली खोबरे-कोथिंबीर नव्हे. जिथे सारे ओळखीचे, तिथे सत्य शोधणाऱ्याला उद्या त्याच माणसांत राहायचे असते. माणसाचे तोंड काळे न करता त्याच्याकडून खरे वदवायचे तर हसूच कामी येते. सत्य सापडल्यावर माणसाचे काय करायचे, हा त्या कादंबरीचा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न वऱ्हाडला परका नाही. आपल्या गावगाड्यात जागल्या होता. चोरी झाली की तो पावलांचा माग काढी, आणि माग शिवेपार गेला की पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. आपला खरा हेर तोच. पण बहुधा तो महार. त्याच्या नजरेवर गावाचा विश्वास आणि त्याच्या सावलीचा गावाला विटाळ! म्हणून त्याची हेरकथा कोणी लिहिली नाही.

आणि प्रश्न विचारून सत्य काढण्याची कला पाहायची तर शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना आठवावे. त्यांचे कीर्तन म्हणजे उलटतपासणीच होती. साध्या वऱ्हाडीत बाबा एकेक प्रश्न विचारीत, श्रोते हसत हसत उत्तर देत, आणि शेवटी आपल्याच उत्तरात आपण सापडलो हे त्यांच्या ध्यानी येई. कर्ज काढून केलेला सण, दारू, नवसाचे बकरे, सारे गुन्हे तिथे कबूल होत. अपमान मात्र कोणाचा होत नसे.

भाषाही सिद्ध आहे. उद्धव शेळके यांनी 1960 साली 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीला कौतिकसारखी खंबीर बाई दिली. त्या बोलीने दुःख पेलले. ती हसत हसत शोध घेऊ शकणार नाही काय? अकोल्याच्या कापूसबाजाराजवळ किंवा अमरावतीच्या एखाद्या गल्लीत अशा बाईने पाटी लावली, तर तिला कामाची वाण पडणार नाही. न उगवलेल्या बियाण्याची पिशवी कोणी भरली? कोऱ्या कागदावर अंगठा कोणी घेतला? धनी गेल्यावर विधवेचे नाव सातबाऱ्यावर का चढले नाही? यांत खून नाही. पण घरे उद्ध्वस्त होतात. आणि अपराधी बहुधा परका नसतो. चुलता, दीर, शेजारी असतो.

अशी कादंबरी लिहायला लेखक हवा, हे खरे. पण तिला वाचकही तसाच हवा: दुसऱ्याचे बिंग फुटताना हसणारा तर आहेच, स्वतःवर प्रश्न आला तरी न रागावणारा हवा. गाडगेबाबांपुढे आपले आजे-पणजे तसे बसले होते. आपणही बसू शकू, असा विश्वास व्यक्त करतो.