शोकांतिका रडवते कशी? सिंधू, सुधाकर आणि सुटकेची दारं

ओतूरहून तुमच्याशी बोलतोय. आमच्याकडे एकांकिका लिहिणाऱ्या पोरांचा एक ठरलेला फॉर्म्युला आहे: दोघांचं प्रेम दाखवायचं, शेवटी दोघांना मारायचं, पब्लिक रडतंयच! मला हे पटत नाही. मरणाने धक्का बसतो. काळीज पिळवटतं ते दुसऱ्याच गोष्टीने. कोणत्या? त्यासाठी एकच नाटक घेऊया, राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'.

गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ला, वय अवघं ३३. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. सिंधू होते बालगंधर्व. भरजरी शालूंसाठी ओळखला जाणारा हा नट इथे ठिगळांच्या लुगड्यात उभा राहिला. संवाद सुरू होण्याआधीच प्रेक्षकाच्या पोटात कालवाकालव!

आता रचना बघा. रोमिओ-ज्युलिएटच्या आड दोन घराण्यांचं वैर येतं. सुधाकर-सिंधूचं तर लग्न झालंय, संसार सुखाचा आहे. सुधाकर हुशार वकील, पण भारी मानी. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि दुःख विसरायला तळीराम पहिला प्याला पुढे करतो. कारण केवढंसं! पण नाटकाचं नाव आपण तिकिटावरच वाचलेलं असतं. सुधाकरला जे कळत नाही, ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. आपण खुर्चीत बसून मनात ओरडतो, 'अरे, नको!' आणि तो पितो.

दुसरी गोष्ट, हसू. तळीरामचं 'आर्य मदिरा मंडळ' आठवा, पोट धरून हसवतं. आपल्या जुन्नरच्या लोकांना हे नवीन नाही. शेजारी नारायणगाव, तमाशाची पंढरी. तिथे गवळणीतली मावशी आधी हसवते, मग वग उभा राहतो. हसलेला माणूस सैल होतो, सावध राहत नाही. गडकरी आणखी एक करतात: जी दारू सिंधूचं घर पोखरतेय, तिच्यावरच आपल्याला हसवतात. थोड्या वेळाने तीच सिंधू जात्यावर दळताना दिसते, आणि मघाचं हसू घशात अडकतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. गडकरी सुटकेचं दार उघडं ठेवतात. सुधाकर एकदा दारू सोडतो! शुद्धीवर येतो, काम मागायला जातो. तिथे पदरी अपमान पडतो आणि पावलं पुन्हा प्याल्याकडे वळतात. आशाच दाखवली नसती, तर आपण मध्यंतरालाच मनाने उठून गेलो असतो.

शेवटी सुधाकरच्या हातून मूल जातं, सिंधू मरणाला टेकते. पोलीस येतात, तर ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. शेवटचं दार तिच्या प्रेमानेच बंद होतं. पुढे सुधाकर विषाचा प्याला पितो, पण माझ्यासाठी नाटक त्या खोट्या जबाबावरच संपलेलं असतं.

आता खरा प्रश्न. आमच्या तालमीत एका मुलीने सरळ विचारलं, "ती मार खाऊनही त्याला वाचवते, आणि आपण टाळ्या वाजवायच्या?" प्रश्न रास्त आहे. गडकऱ्यांनी तळीरामची बायको गीताही लिहिलीय, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. पण डोळ्यांतलं पाणी त्यांनी सिंधूसाठी राखून ठेवलं. नाटककाराच्या हातात ही ताकद असते: कोणाचं सोसणं पूजेला लावायचं आणि कोणाचं बोलणं हसण्यावारी न्यायचं, हे तो ठरवतो. म्हणून सिंधूसाठी रडताना मला तिचा रागही येतो, आणि तो राग मी दाबत नाही.

तुम्ही प्रेमाची शोकांतिका लिहिणार असाल तर 'दोघं मरतात कसे' हे नंतर ठरवा. आधी कागदावर मांडा की ती दोघं किती वेळा वाचू शकली असती, आणि प्रत्येक वेळी दार कोणी लावलं. नशिबाने लावलं असेल तर तो प्रसंग पुन्हा लिहा. माणसाने लावलं असेल तर तालमीला घ्या.

'एकच प्याला' वाचायला सहज मिळतं. पुढच्या भागाआधी निदान शेवटचा अंक वाचून या. भेटूच!