चिंतेवरील चिनी काढा आणि त्याची कसोटी
(वार्षिक सभेतील भाषण)



चिंतेने झोप उडालेल्या रुग्णासाठी चिनी वैद्यकात ‘सुआन झाओ रेन तांग’ हा पाच द्रव्यांचा काढा सुमारे १८०० वर्षांपासून सांगितला आहे. आपल्या बोराच्याच कुळातील एका आंबट रानफळाची बी हे त्यातील मुख्य द्रव्य. या बियांचा अर्क दिलेले उंदीर उंच, उघड्या फळीवर जाण्यास कमी बिचकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु माणसाची चिंता औषधावरील निव्वळ विश्वासानेही ओसरते. म्हणून काही रुग्णांना काढा, तर काहींना तशाच चवीचा औषधहीन द्रव द्यावा लागतो. कोणाला काय दिले, हे चाचणी संपेपर्यंत रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते.

दुसरी कसोटी शुद्धतेची. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी दुसरी, विषारी मुळी आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

म्हणून विनंती एवढीच : आपला रुग्ण कोणताही काढा घेत असल्यास डॉक्टरांना निःसंकोच सांगावे आणि चालू औषध परस्पर बंद करू नये. परंपरेचा खरा आदर तिची परीक्षा घेण्यातच आहे.