दिवाळीआधीचं सत्र

(बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अभ्यासिकेत येणाऱ्या पदवीधर विद्यार्थ्यांसमोर सप्टेंबर 2025 मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत.)



मला फोनवर विषय सांगितला तो 'शिक्षण आणि आपला समाज'. एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही. मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. या सत्रात, म्हणजे जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, माझ्या वर्गातली पोरं काय शिकतायत आणि काय शिकायची राहतायत, तेवढंच सांगते. त्यात तुमचं काय काम आहे ते शेवटी सांगीन. काम आहे, म्हणून तर आलेय.

तिसरीच्या पहिल्या सत्रात जोडाक्षरं पक्की होतात. पोरं छोटे धडे वाचतात, स्वतःच्या मनानं चार-पाच वाक्यं लिहितात. गणितात तीन अंकी संख्या, हातच्याची बेरीज, उसन्याची वजाबाकी, पाढे. परिसर अभ्यासात आपलं गाव, पाणी, अन्न, माणसांची कामं. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये निपुण भारत सुरू केलं. त्याप्रमाणे तिसरी संपताना मुलानं मिनिटाला निदान 60 शब्द, अर्थ समजून वाचायला पाहिजेत. मिनिटाला साठ म्हणजे सेकंदाला एक शब्द. तुम्हाला हे फार थोडं वाटेल. पण त्याहून हळू वाचणाऱ्या पोराचं काय होतं ते मी रोज बघते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत ते सुरुवातीचा शब्द विसरलेलं असतं. मग त्याला वाचून कळत काहीच नाही, नुसती दमणूक होते.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. शासनाच्या वेळापत्रकात शाळेच्या वर्षाला दोन सत्रं असतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना एकच असतं. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामं होतं. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कोणी कर्नाटकात. पोरं परत येतात ती पाडव्याच्या सुमाराला, उन्हात रापून. तेव्हा वर्ग कुठल्या कुठे गेलेला असतो. 2023-24 मध्ये बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. त्या वर्षी मला एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. या पोरांच्या पुस्तकाचे पहिले दोन भाग मळके, कोपरे दुमडलेले, आणि तिसरा-चौथा भाग कोरा करकरीत. वास सुद्धा नवाच.

यावर उपाय नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पोरानं गावात राहायचं आणि आईबापांनी जायचं. म्हातारी घरात असेल तर पोर राहतं, नसेल तर जातं. मुलगी असेल आणि धाकटं भावंड अंगावरचं असेल, तर ती जातेच, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं फडात गेल्यावर कोपीत बाळाजवळ बसायला कोण? कारखान्याजवळच्या शाळेत घाला म्हणतात. बेळगाव-बागलकोटकडे गेलेल्या पोरानं कानडी शाळेत बसून काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

हे फडावर जाणारे कोण आहेत ते तुम्हाला सांगायला नको. बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, भूमिहीन किंवा कोरडवाहू तुकड्याचे धनी. माझ्या वर्गाचा हजेरीपट बघितला की दिवाळीनंतर कोणाच्या नावापुढे गैरहजरीच्या रेघा असणार, ते आडनावावरून जूनमध्येच सांगता येतं.

पाया कच्चा का राहतो, ते आता सांगते. जुलै महिन्यात मी एकेकाला पुढे बोलावून वाचून घेत होते. एक मुलगी आली. दुसरीच्या पुस्तकातलं पान तिनं घडाघडा वाचलं, कुठे अडली नाही, सूर सुद्धा बरोबर. मला बरं वाटलं. मग सहज त्याच पानातले पाच शब्द मी फळ्यावर उलटसुलट लिहिले. ती गप्प. माझ्याकडे बघते, फळ्याकडे बघते. तिला एकही शब्द येत नव्हता. मोठा भाऊ घरी मोठ्यानं वाचायचा, ते ऐकून पान पाठ केलेलं. चित्र बघितलं की कुठलं पान ते तिला कळायचं.

मी तिला रागावले नाही, कारण मीही तेच केलं होतं. माझे आईवडील ऊसतोड कामगार. मी पाचवीत असतानाची गोष्ट. हंगाम संपला, कोपीपुढे हिशोब झाला. मुकादमानं वहीचं पान दादापुढे धरलं. दादा सगळ्या टोळीसमोर म्हणाले, "माझी लेक शाळेत जाती, ती बघंल." दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. त्या पानावर आकडे होते, ते मला ओळखू येत होते. पण घाईतलं अक्षर, उचल, टन, कपात, बाकी असे रकाने, कशातून काय वजा केलं काही उमगेना. मी बोट फिरवलं. वाचल्यासारखं केलं. आणि म्हणाले, "बरोबर हाय दादा." त्यांनी अंगठा दिला. पुढच्या वर्षी 'बाकी' फेडायला आम्ही पुन्हा गेलो. त्या कागदावर काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. कदाचित हिशोब बरोबरही असेल. पण घरात शाळेत जाणारं माणूस असूनही तो तपासला गेला नाही, आणि मला येत नाही हे सांगायची लाज वाटली. ही लाज मला शाळेनंच शिकवली होती.

म्हणून उसन्याची वजाबाकी शिकवताना मी जरा थांबते. या ऑगस्टमध्ये 402 वजा 157 चालू होतं. दोनातून सात जात नाहीत, शेजारून उसनं घ्या, असं मी म्हणाले. तीच मुलगी म्हणाली, "बाई, उसनं घेतलं तर फेडायचं कवा?" वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नाही. आमच्या वेळी खालच्या आकड्यात एक मिळवून ते उसनं परत द्यायची रीत होती. आता दशक सुटा करतात, परत काही द्यायचं नसतं. मी सांगितलं की हे आपल्याच घरातलं आहे, शंभराची नोट मोडून दहाच्या घेतल्या, कोणाचं देणं लागत नाही. तिच्या डोक्यात उसनं म्हणजे उचलच. पुस्तकातला शब्द पोराच्या घरात काय होऊन बसतो, ते पुस्तक लिहिणाऱ्याला कसं कळणार?

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, ते तुमच्यातल्या अनेकांनी परीक्षेसाठी पाठ केलं असेल. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. शाळेत काय शिकवावं हेही त्यांनी सांगितलं होतं, ते मात्र कोणी विचारत नाही. मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशोब, व्याकरण, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, थोडी शेती, नीती आणि आरोग्य. मोडी कशाला? कारण दस्तऐवज, सावकाराच्या चोपड्या, सरकारी कागद मोडीत असायचे. बाळबोध शिकून पोथी वाचता आली असती, खत वाचता आलं नसतं. ज्या अक्षरात तुमची जमीन जाते, ते अक्षर आधी शिका, असा मला त्याचा अर्थ लागतो. गरिबीमुळे पोरांना गुरं राखावी लागतात, शेतात राबावं लागतं, म्हणून ती शाळेत येत नाहीत, हेही त्यांनी तिथे मांडलं आणि त्यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली. आज मोडी नाही, मुकादमाची वही आहे.

बाबासाहेबांचं मार्च 1927 चं मुंबई विधिमंडळातलं भाषण काढून वाचा. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात, असा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. त्यांचं म्हणणं असं की शाळेत आलेलं पोर कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे. आज माझ्या शाळेत पहिलीला आलेली जवळपास सगळी पोरं चौथीच्या पटावर असतात. शिक्षण हक्क कायद्यानं एवढं नक्की केलं, त्याला मी कमी लेखत नाही. पण पटावर असणं आणि वाचता येणं यातलं अंतर कोणत्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही. ते बघायला पोराशेजारी बसावं लागतं.

भाषेचं थोडं सांगते. यंदा 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला, 29 जूनला मागे घेतला. दोन महिने टीव्हीवर तिसऱ्या भाषेचं रण पेटलं होतं. लहान पोरांवर भाषेचं ओझं नको, या मताची मीही आहे. पण मायमराठीसाठी गळा काढणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी विचारलं का, की फडावरच्या पोराची मराठी शाळेत चालते का? माझी पोरं 'गेलतो', 'आलतो' म्हणतात. पुस्तकात 'गेलो होतो'. पोर 'गेलतो' वाचतं आणि गुरुजी अशुद्ध म्हणून खोडतात. तांड्यावरच्या पोराला तर आई म्हणजे याडी, मराठी हीच त्याची दुसरी भाषा. त्याला कोणी तसं धरतच नाही, मंद धरतात.

मी उलट केलं. त्या मुलीला पुस्तक बंद करायला लावलं. म्हटलं, तू सांग, मी लिहिते. ती म्हणाली, "आई वाढं बांधाया गेलती." मी फळ्यावर तसंच्या तसं लिहिलं. स्वतःचं वाक्य माणूस पाठ करत नाही, ते ओळखतं. 'आई' सापडली, मग 'गेलती' सापडली. दुसऱ्या दिवशी तेच शब्द वेगळ्या वाक्यात. महिन्याभरानं पुस्तकातलं 'गेली होती' आलं तेव्हा तीच म्हणाली, "हे आमचंच हाय, लांबवून लिव्हलंय." आता ती अडखळत वाचते. जुलैमध्ये घडाघडा वाचत होती, सप्टेंबरमध्ये अडखळत वाचते, आणि ही प्रगती आहे. पायाभूत चाचणीच्या तक्त्यात ही प्रगती कुठल्या रकान्यात भरायची, मला समजलं नाही. मी शेऱ्यात लिहून ठेवलं.

वर्गात आणखीही काही शिकवलं जातं, ते कुठल्या अभ्यासक्रमात नसतं. झाडू कोणाच्या हातात जातो, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जात सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारली जाते का, खिचडी शिजवणारी बाई वस्तीतली असेल तर कोणाची पोरं घरून डबा आणायला लागतात. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्येच सांगितलंय की स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. पोरं हे सगळं टिपत असतात, आणि त्यासाठी त्यांना मिनिटाला साठ शब्द यावे लागत नाहीत.

आता तुमचं काम. दसरा 2 ऑक्टोबरला आहे. टोळ्या निघायला पाच-सहा आठवडे उरलेत. माझ्या आणि शेजारच्या दोन शाळांत मिळून तिसरी-चौथीची जी पोरं अजून वाचत नाहीत, त्यांची यादी मी केलीय. एकटीनं होत नाही. तुम्ही इथे राज्यघटना आणि अंकगणित घोकत बसता, मीही बसले होते, त्याला नावं ठेवत नाही. पण आठवड्यातले दोन दिवस, शनिवारी दुपारी आणि रविवारी, दोन-दोन तास हवेत. एकाकडे चार पोरं, त्याहून जास्त नकोत. पोराचं वाक्य पोराच्या बोलीत लिहायचं, त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं. खोडायचं नाही. येत नाही असं पोर म्हणालं तर शाबासकी द्यायची, हे माझं खास सांगणं.

शेवटचा अर्धा तास हिशोब. वहीत चार रकाने आखून द्यायचे: तारीख, गाडी, टन, घेतलेले पैसे. कोणी म्हणेल, बाई, तुम्ही पोरांना फडावरच्या कामाला तयार करताय. हा प्रश्न मीच मला दहा वेळा विचारलाय. पोरानं फडावर जाऊच नये, म्हणून मी प्रत्येक घरी दोनदा गेले. काही राहतील. जी जातीलच, त्यांना मी मोकळ्या हातानं पाठवणार नाही.

त्या मुलीचं जाणं ठरलंय, आई बाळंत झालीय. तिनं रकाने आखले, वर स्वतःचं नाव लिहिलं, 'टन' बरोबर लिहिलं. 'घेतलेले'पाशी घोटाळा होतो, ते येत्या शनिवारी करून घ्यायचं आहे.

यादी माझ्याजवळ आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच नाव आणि दुचाकी आहे का ते सांगा. दुपारची एसटी वेळेवर येत नाही, त्यामुळे गाडीवाल्यांनी एकेकाला मागे घ्यावं लागेल. खडू आणि चटया शाळेत आहेत.

जय भीम.