पहिली मॅरेथॉन

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील युवकयुवतींपुढें केलेलें भाषण)



धांवण्यासारख्या विषयावर आम्हीं बोलावें अशी आज्ञा झाली, तेव्हां प्रथम आम्हांस हंसूंच आलें. शाळेच्या शर्यतींत आमचा क्रमांक शेवटून मोजणें सोयीचें पडे. परंतु ४७ व्या वर्षीं धांवूं लागून ४९ व्या वर्षीं आम्हीं ४२.१९५ किलोमीटरांचें अंतर पुरें केलें, हें खरें. आणि तें कसें घडलें एवढेंच सांगण्याचा आमचा अधिकार आहे.

हें विचित्र अंतर प्राचीन ग्रीकांचें नव्हे. १८९६ सालीं अथेन्स येथें स्पिरिडॉन लुई ह्या पाणी वाहणाऱ्या गृहस्थानें पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली, तेव्हां तें सुमारें ४० किलोमीटर होतें. १९०८ सालीं लंडनमध्यें विंडसर राजवाड्यापासून शर्यत सुरू झाली, तेव्हां आजचा आंकडा निघाला, आणि १९२१ सालीं तो कायम झाला. १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले सुमारें २ तास ५० मिनिटांत ही शर्यत पुरी करून एकोणिसावे आले, हें तरी आपल्या मुलांस शाळेंत कोणी सांगावयास हवें होतें!

असो. आमचे थोरले बंधु ५१ व्या वर्षीं हृदयविकारानें अकस्मात् गेले. त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेहून परततांना स्टेशनचा पूल चढून आम्हांस धाप लागली. डॉक्टरांनीं रक्तांतील साखर पाहून चालण्यास सांगितलें. चालण्याचें धांवणें केव्हां झालें हें आमचें आम्हांसही कळलें नाहीं. वहिनींस मात्र कळलें. अंगणांत उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भावजी, एका घरांतून एक गेला तेवढें पुरें."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं हृदयाची तपासणी करून घेतली व निकालाचा कागद त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो वाचला, कपाटांत ठेवला, आणि कांहीं बोलल्या नाहींत. आधीं करावयाचें तें आम्हीं मागाहून केलें. तुम्हीं तसें करूं नये.

पहिल्या वर्षीं हांवेनें घात केला. दुखण्याकडे दुर्लक्ष करावें व दर आठवड्यास अंतर वाढवीत जावें, असा सल्ला एका परिचितानें दिला आणि तो आम्हांस फार आवडला. हृदय व स्नायु लवकर तयार होतात. हाडें आणि कंडरा फार मागें राहतात. श्वास पुरतो म्हणून मनुष्य धांवत सुटतो आणि नडगी मागून हिशेब मागते. आमच्या नडगीच्या हाडास बारीक चीर गेली. तीन महिने धांवणें बंद. भरलेली फी बुडाली. शर्यतीच्या दिवशीं आम्ही ओटीवर पाय लांब करून बसलों होतों आणि वहिनी आमच्याकडे पाहत होत्या. तें पाहणें नडगीहून अधिक दुखलें.

दुसऱ्या वर्षीं गति उतरविली. सोबत्याशीं बोलतां येईल इतकेंच धांवावें. बोलणें तुटलें कीं वेग अधिक झाला. तीन आठवडे अंतर थोडथोडें वाढवावें, चवथ्यांत घटवावें. लांबची धांव आम्ही शनिवारीं पहांटे घेत असूं, म्हणजे रविवारची मिस्सा चुकत नसे. मात्र गुडघे टेकतांना आमचें कण्हणें गायनमंडळाच्याही वर ऐकूं येई. निर्मळ, भुईगांव, नाळे ह्या बाजूच्या वाड्यांतील कुत्रीं प्रथम भुंकत, पुढें नुसती मान वर करून पुन्हां निजत. वाढत वाढत ३२ किलोमीटरांपर्यंत गेलों. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर बहुतेकांस सुमारें ३० किलोमीटर पुरते. ती सरली कीं पाय शिशाचे होतात. म्हणून वाटेंत केळें किंवा गुळाचा खडा खाण्याची संवयही आधींच लावावी लागते. पाणीही तहानेपुरतेंच, अति प्याल्यास रक्तांतील मीठ विरळ होऊन जीवावर बेततें. शेवटचे तीन आठवडे धांव कमी करणें सर्वांत कठीण गेलें, कारण तोंवर पाय ऐकेनासे झाले होते.

मुंबईची ही शर्यत २००४ पासून जानेवारींत होत आली आहे. पहांटेच्या अंधारांत सुटलों. समुद्रावरील पुलावर उजाडलें. माहीमला गर्दींत वहिनी उभ्या दिसल्या. हातांत मीठ घातलेलें लिंबाचें पाणी. आम्ही थांबलों तों त्या रागावल्या, "थांबतां कशाला? प्या आणि चला." परतीच्या पेडर रोडचा चढ मात्र आम्ही चालतच गेलों, तेथें पुष्कळ शूर मंडळी चालत होती. ५ तास २० मिनिटांनीं रेषा ओलांडली.

त्या संध्याकाळीं वहिनींचा मुलगा आमचे जोडे न्याहाळीत बसला होता. वहिनींनीं त्याच्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे. "ह्याला न्यायचें असेल तर न्या," त्या म्हणाल्या, "पण आधीं तो कागद आणा."