आतल्या भिंती : रुग्णालयाच्या संगणक-जाळ्याची आखणी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणक समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





ज्याचे उद्घाटन झाले नाही आणि ज्यावर कोणाचा नामफलक नाही, अशा एका कामाचा वृत्तान्त आम्ही आज आपणापुढे ठेवीत आहोत. आरंभ मात्र आमच्या चुकीपासून करणे उचित होईल.

एका सकाळी प्रतीक्षा कक्षातील भिंतीवरच्या जोडणीत कोणीतरी घरगुती वापराचा राउटर लावला. नातेवाइकांना इंटरनेट मिळावे, एवढाच त्यामागे हेतू होता. परंतु तो राउटर रुग्णालयातील संगणकांना आपल्याकडचे पत्ते वाटू लागला आणि ज्यांनी ते घेतले त्यांना मुख्य सर्व्हर सापडेनासा झाला. प्रयोगशाळेचे अहवाल तयार असूनही वॉर्डात पोहोचेनात. देयके निघेनात, त्यामुळे घरी जाण्यास मोकळे झालेले रुग्णही अडकून पडले. सेवकवर्गाने कागद हातोहात पोहोचविले. कारण सापडेपर्यंत दुपार झाली. त्या दिवशी ज्या कुटुंबांना तिष्ठत राहावे लागले, त्यांची आम्ही येथे क्षमा मागतो.

दोष राउटर लावणाऱ्याचा कमी आणि आमच्या आखणीचा अधिक होता. लेखा विभाग, क्ष-किरण यंत्र, औषधालय, कॅमेरे आणि प्रतीक्षा कक्ष ही सारी एकाच सपाट जाळ्यात होती. संसर्गजन्य रुग्णासाठी स्वतंत्र खोली राखणारे आपण, संगणकांना मात्र एकाच दालनात निजविले होते.

याचे परिणाम किती दूर जातात, हे मोठ्या संस्थांनीही अनुभवले आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जाळ्यातून आपोआप पसरत गेला आणि इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य सेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ पोहोचली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि अनेक दिवस कामकाज हाताने करावे लागले. जाळ्याची विभागणी योग्य नव्हती, हे कारण पुढे शासनानेच संसदेत सांगितले.

म्हणून आम्ही खरेदीपूर्वी कागद-पेन्सिल हाती घेतली. कोणते यंत्र कोठे आहे आणि त्याला कोणाशी बोलण्याची खरोखर गरज आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विभागात जाऊन लिहून घेतली. कामाचा हाच भाग सर्वांत कठीण होता. त्यातून पाच विभाग ठरले : कार्यालय व देयके, रुग्णनोंदींचे सर्व्हर, प्रयोगशाळा व क्ष-किरण यंत्रे, कॅमेरे आणि अभ्यागतांचे वाय-फाय.

यासाठी पाच वेळा तारा टाकाव्या लागल्या नाहीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘८०२.१क्यू’ या मानकानुसार स्विच प्रत्येक संदेशाला चार बाइटांची चिठ्ठी जोडू शकतो आणि तीवर विभागाचा क्रमांक असतो. तार एकच राहते, तरी एका विभागाचा संदेश दुसऱ्यात शिरत नाही. पत्तेही त्याच क्रमांकांना धरून दिले. कार्यालय दहावा विभाग, म्हणून त्याचे पत्ते १९२.१६८.१० ने आरंभ होतात. प्रयोगशाळा तिसावा, म्हणून १९२.१६८.३० ने. प्रत्येक विभागात २५४ पत्ते मावतात, म्हणजे वाढीलाही जागा आहे. पत्ता वाचताच यंत्र कोठले, हे आता रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यासही कळते.

विभागांमधील ये-जा एकाच दारातून, म्हणजे फायरवॉलमधून होते. जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते बंद, हा त्या दाराचा नियम. प्रयोगशाळेचे यंत्र अहवाल सर्व्हरकडे पाठवू शकते, परंतु लेखा विभागाच्या संगणकापर्यंत जाऊ शकत नाही. अभ्यागतांना इंटरनेट मिळते, रुग्णालयाच्या आतील काहीही दिसत नाही. क्ष-किरण यंत्राला जोडलेल्या संगणकाची जुनी प्रणाली उत्पादकाच्या संमतीविना बदलता येत नाही. अशा यंत्राला तर या भिंतीचाच आधार आहे. वापरात नसलेल्या जोडण्याही स्विचवरूनच बंद केल्या आहेत.

अडचणी आल्याच. पहिल्याच दिवशी औषधालयातून छपाई होईना, कारण छपाईयंत्र दुसऱ्या विभागात राहिले होते आणि आमच्या यादीत त्याची नोंद नव्हती. चूक तासाभरात सुधारली. तेव्हापासून प्रत्येक बदल एका वहीत दिनांकासह लिहिला जातो.

केवळ भिंतींनी सुरक्षितता येते, असा आमचा दावा नाही. चोर आत शिरला तर त्याला एका खोलीत अडविणे, एवढेच त्या करतात. नोंदींच्या प्रती रोज घेणे, त्यातील एक जाळ्याबाहेर ठेवणे आणि ती उघडून पाहणे हे कार्य अखंड चालावे लागते. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असावी, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

देणगीदारांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की आपल्या दानाचा हा भाग डोळ्यांना दिसणार नाही. ज्या दिवशी रुग्णाचा अहवाल वेळेवर डॉक्टरांच्या हाती पडेल आणि त्याची खासगी बाब खासगीच राहील, त्या दिवशी ते दान कामी आले असे समजावे.