शाळेची पक्षी-नोंदवही



नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे अवर्षणाशी परिचित आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती आठवण अजून घरोघरी निघते. अशा प्रदेशात मुलांना पक्षी दाखविण्याचा विषय काढला, तर तो चैनीचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. ज्या तळ्यावर गावाची गुरे पाणी पितात, त्याच तळ्यावर पक्षी उतरतात. ज्या शेतावर घर चालते, त्याच शेतातील अळ्या ते टिपतात. पक्ष्यांची ओळख म्हणजे गावाच्या पाण्याची व मातीचीच ओळख होय.

ही ओळख करून देणारे थोर लोक याच मातीत फिरले आहेत. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा १९३१–३२ च्या सुमारास डॉ. सलीम अली यांनी त्या संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. सोलापूरला जन्मलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत असताना रानातील माणसांकडून पक्ष्यांची नावे व सवयी गोळा केल्या आणि त्या मराठीत आणल्या. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळेने आपल्या कामास याच आठवड्यात आरंभ करावा.

सहलीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. नांदेडकडील शाळांना गोदावरीचा काठ व विष्णुपुरीचा जलाशय आहे, कंधारास राष्ट्रकूटकालीन तलाव आहे, किनवटास सागवानी रान आहे. लातूरकडे मांजरा व तेरणा यांचे काठ आणि औसा-निलंग्याकडील माळ आहेत. ज्या गावास यांपैकी काहीच नाही, त्यासही पाझर तलाव, ओढ्यावरचा बंधारा किंवा बाभळींनी वेढलेली विहीर असतेच. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब आणि चक्रवाक मराठवाड्यातील मोठ्या जलाशयांवर उतरतात. लहान तळ्यावर टिबुकली, वारकरी व शेकाट्या भेटतात. माळावर चंडोल, धाविक व पखुर्डी दिसतात.

सूर्योदयापूर्वी निघावे. पंधरांहून अधिक मुले एका वेळी नेऊ नयेत. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी व पहिली दहा मिनिटे कोणी बोलू नये. दुर्बीण नसली तरी अडत नाही. मुलाने चार गोष्टी पाहाव्यात : पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच व पाय कसे आहेत, तो कोठे बसला आहे, आणि काय करीत आहे. नाव मागाहून कळले तरी चालते. घरट्याजवळ मात्र जाऊ नये. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालू लागली, की तिची अंडी जवळच आहेत असे समजून आल्या पावली मागे फिरावे. तीच जागा दर महिन्यास पाहावी. निरनिराळ्या दहा जागी एकदा जाण्यापेक्षा एकाच जागी दहा वेळा गेल्याने मूल अधिक शिकते.

परत आल्यावर नोंदवही लिहावी. तारीख, वेळ, तळ्यातील पाणी, पक्षी व संख्या एवढे रकाने पुरेत. एक रकाना मात्र अवश्य वाढवावा : ‘घरचे नाव’. या जिल्ह्यांतील वर्गात तांड्यावरचे मूल बंजारा बोलीतील नाव आणते, देगलूर-बिलोलीकडचे तेलुगू, उदगीरकडचे कन्नड वा दखनी, तर किनवटचे गोंडी वा कोलामी. जे मूल पुस्तकातील धड्यापुढे गप्प बसते, तेच येथे सर्वांना शिकवू लागते. गुराखी आजोबांना विचारून आलेले नाव फळ्यावर लिहिले गेले, म्हणजे त्या घरास शाळा आपली वाटते.

नोंदवहीने समजुतीही तपासता येतात. सुगरणीचे घरटे मादी विणते असे सर्वत्र म्हटले जाते. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीखाली आठवडाभर बसलेल्या मुलास दिसते, की पिवळ्या डोक्याचा नरच विणतो आणि मादी येऊन ते पसंत करते. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस अधिक पडतो, असे शेतकरी सांगतात. या समजुतीस हसू नये व ती प्रमाणही मानू नये. दरवर्षी अंड्यांची जागा व पडलेला पाऊस शेजारीशेजारी लिहावा. शास्त्राची दृष्टी म्हणतात ती हीच.

पाहण्यातून राखणे आले पाहिजे. उन्हाळ्यात वखर चालताना खड्यांसारखी दिसणारी टिटवीची अंडी चिरडतात. मुलाने दाखविली, तर बाप तेवढे दोन हात रान सोडून वखर नेतो. तुरीच्या व हरभऱ्याच्या शेतात काठीवर आडवी काठी बांधून पक्षी-थांबे रोवले, तर कोतवाल व साळुंक्या त्यांवर बसून घाटे अळी वेचतात. हा उपाय कृषिखातेही सांगते. वर्गात जमा झालेल्या गलोली हे शाळेचे बक्षीसच होय. मात्र त्या धाकाने घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट पिंजऱ्यात ठेवणे वा घरटी मोडणे हा गुन्हा आहे, हे सांगावे. परंतु पोलिसाच्या भीतीने सुटलेली गलोल पुन्हा हाती येते, आवडीने सुटलेली येत नाही.

गाव बदलू शकते, याचे उदाहरण नागालँडमधील पांगती हे आहे. २०१२ पर्यंत तेथे अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी पकडले जात. पुढच्याच वर्षी ग्रामस्थांनी ते थांबविले, आणि जाळी लावणारे हातच राखण करू लागले. तेथून निघालेले ससाणे मध्य भारत व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेस जातात.

उशीर झाला तर काय होते, हे सांगणारे उदाहरण मात्र शेजारचेच आहे. सोलापूरच्या नान्नज परिसरात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. माळावर उघड्यावर बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी आज तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. ज्या माळास सर्वजण पडीक समजत होते, तोच त्याचे घर होता. कोणता माळ पडीक व कोणता भरलेला, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी तेथे वर्षानुवर्षे जाऊन पाहणारे कोणी असावे लागते.

शिक्षकाची बदली होते, मुले शिकून निघून जातात. नोंदवही शाळेत राहते. वीस वर्षांनी तळे गाळाने भरू लागले किंवा माळ कोणी मागितला, तर ग्रामसभेपुढे ठेवण्यासारखा पुरावा त्या गावापाशी असेल, आणि तो त्याच गावच्या मुलांच्या हस्ताक्षरात असेल. यासाठी एक वही पुरते. तिच्या पहिल्या पानावर तारीख घालण्याचे काम शिक्षकाचे आहे.